दांडीच्या सायकलींवर उरण, चिरनेर आणि कर्नाळा

उरण तालुका आपण नवी मुंबईकर बहुतेक वेळा गाडीच्या काचेतून पाहतो. कंटेनरच्या रांगा, उड्डाणपूल, गोदामांचे पत्रे. पण त्या रस्त्यापासून जरा आत वळलं की खाडीचे बांध आहेत, भातखाचरं आहेत, वालाची शेतं आहेत आणि हाकेच्या अंतरावर वसलेली आगरी-कोळी गावं आहेत. हा भाग बघायचा तर दांडीच्या सायकलीवरून, हे माझं जुनं मत. संक्रांतीनंतरच्या शनिवार ते सोमवारच्या फेरीत ते आणखी पक्कं झालं.

आमचा गट नेरूळ-सीवूड्सचा, दहा-बारा जणांचा. कॉलेजात जाणाऱ्या पोरापासून सत्तरी गाठलेल्या काकांपर्यंत सगळे. सायकली जुन्या वळणाच्या: अ‍ॅटलस, हर्क्युलस, हिरो आणि एक रॅले. 28 इंची चाकं, दांड्याचे ब्रेक, चेनकव्हर, मागे लोखंडी कॅरिअर आणि भक्कम स्टँड. गिअर नाही. पुढे 44 दातांचं चक्र, मागे 18 दातांचं फ्रीव्हील, म्हणजे पायडलची एक फेरी मारली की सायकल पाच मीटरांहून थोडी जास्त सरकणार, चढ असो वा उतार. चढावर हे गणित जड जातं, सपाटीवर फार सुखाचं असतं. उरणचा खाडीकाठ सपाट आहे, म्हणून तोच निवडला.

गटाचे नियम मोजकेच. जो सगळ्यात हळू चालवेल त्याचा वेग तो सगळ्यांचा वेग. सर्वात मागे चालणाऱ्याकडे पंप. रस्त्यात कुणी हाक मारली, काही विचारलं, तर थांबायचं. हा शेवटचा नियम काकांनी घातला आहे आणि आमच्या फेऱ्यांतली निम्मी मजा त्याच नियमामुळे येते.

पहिला दिवस, शनिवार: नेरूळ ते नागाव

सकाळी सहाला अंधारातच निघालो. डायनॅमो टायरला टेकवले, पुढचे दिवे पिवळे उजळले आणि आम्ही किल्ला जंक्शनवरून आम्र मार्गाला लागलो. पनवेल खाडीच्या पुलावर धुकं इतकं दाट होतं की खालची खारफुटी दिसत नव्हती, फक्त चढत्या भरतीच्या पाण्याचा वास येत होता. पुलाच्या मध्यावर सगळे आपोआप थांबले. धुक्यातून एक होडी आली, तिच्यातल्या माणसाने आमच्या दिव्यांकडे बघून हात वर केला आणि होडी पुन्हा धुक्यात गेली.

पूल ओलांडला की डाव्या हाताला नवा विमानतळ. 8 ऑक्टोबर 2025 ला त्याचं उद्घाटन झालं. उलव्याची टेकडी त्यासाठी सपाट केली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, दहा गावं उठली. आमच्यातल्या एका वहिनींचं माहेर त्यातलंच. त्यांनी कुंपणापलीकडे बोट दाखवून सांगितलं, इथे विहीर होती, इथे मारुतीचं देऊळ, इथून पुढे आमचं खाचर. आम्ही त्यांच्याबरोबर तिथे बराच वेळ उभे राहिलो. गाडीत असतो तर त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती जागा मागे पडली असती.

गव्हाणला चहा आणि गरम कांदाभजी. तिथून जासई. रस्त्यावर जागोजागी इथल्या शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या जन्मशताब्दीचे फलक होते. 13 जानेवारी 1926 ला ते याच जासईत जन्मले. गावातल्या हुतात्मा स्मारकावर ताजी फुलं होती, कारण आदला दिवस 16 जानेवारीचा. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको महामंडळाने घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी 16 आणि 17 जानेवारी 1984 ला इथले शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला आणि चिर्ले, धुतूम, पागोटे या गावांतले पाच जण गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. नवी मुंबईत घर घेणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर 'साडेबारा टक्क्यांचा प्लॉट' हे शब्द कधीतरी पडतातच. ते ज्या रस्त्यावर मिळवले गेले, त्या रस्त्यावर एकदा उतरून उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं.

जासईपासून करळ फाट्यापर्यंतचा पट्टा या फेरीतला सर्वात अवघड. जवाहरलाल नेहरू बंदराची अवजड वाहतूक याच वाटेने होते. करायचा असेल तर सुट्टीच्या दिवशी भल्या सकाळी करा, रस्त्याच्या कडेने एकामागे एक चला, गडद कपडे घालू नका, मागच्या मडगार्डला लाल परावर्तक असलाच पाहिजे. हेल्मेट सर्वांनी घालावं, सायकल कितीही जुनी असली तरी. लहान मुलं बरोबर असतील तर हा तुकडा टेम्पोने करा आणि सायकली बोकडविऱ्याला उतरवा. पुढची मजा तीच राहते.

काकांनी घरूनच सांगितलं होतं, पाणजेला साडेदहाच्या सुमाराला पोचायचं. कोकणपट्टीतली माणसं तिथीवरून भरती काढतात. तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची साधारण वेळ मिळते. शनिवारी चतुर्दशी, चौदाचे पाऊणपट साडेदहा. भरतीला महत्त्व अशासाठी की ओहोटीत पक्षी खाडीच्या चिखलावर दूरदूर पांगलेले असतात. पाणी चढलं की चिखल बुडतो आणि ते सगळे आतल्या पाणथळीत विसाव्याला येतात. आम्ही रस्त्याच्या कडेला सायकली लावल्या तेव्हा पाणी काठोकाठ होतं. शेकाटे लांब गुलाबी पायांवर उभे होते, चित्रबलाकांचा एक थवा होता आणि त्यांच्यापलीकडे रोहितांची, म्हणजे फ्लेमिंगोंची, फिकट गुलाबी रेघ. कॉलेजच्या पोराने जन्मात पहिल्यांदा रोहित दुर्बिणीतून पाहिला. त्याने दुर्बीण परत द्यायला फार वेळ लावला आणि कुणी मागितलीही नाही.

नागावला पोचलो तेव्हा ऊन तापलं होतं. उरणचं नागाव म्हणजे नारळाच्या वाड्या, मधून अरुंद रस्ता आणि रस्त्याच्या टोकाला समुद्र. ज्यांच्या घरी उतरलो त्या आजी अंगणात उभ्या होत्या. त्यांनी आधी आमच्याकडे बघितलं नाही, सायकलींकडे बघितलं. जवळ येऊन एका हर्क्युलसच्या दांडीवरून हात फिरवला.

"माजे बापाची अशीच व्हती सायकल," त्या म्हणाल्या. "मागं दोन गोनी नारल बांदून मोऱ्याला जायचा."

मोरा बंदरातून लाँच सुटतात त्या मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला. पहाटेच्या लाँचला नारळ चढवायचे तर घरून अंधारातच निघावं लागे, आणि मग त्या लहान असताना कधी दांडीवर बसून बरोबर जात. दांडीवर बसून दुखायचं का, असं वहिनींनी विचारलं. आजी म्हणाल्या, बाप गोधडीची घडी घालून द्यायचा. जेवणात जिताड्याचं कालवण, तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी. जिताडा खाडीतून भातखाचरांच्या तळ्यांत येतो आणि तिथेच मोठा होतो. त्याची चव समुद्रातल्या माशापेक्षा वेगळी, भरदार. दोन जण शाकाहारी होते, त्यांना वालाचं बिरडं मिळालं आणि ते इतकं छान होतं की मासेवाल्यांनीही मागून घेतलं.

संध्याकाळी केगावच्या माणकेश्वर देवळापर्यंत रमत गेलो. समुद्रावरून वारा जोरात येत होता. वाऱ्याचं गणित इथे लक्षात ठेवण्यासारखं आहे: हिवाळ्यात पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे असतो, अकरा-बारानंतर तो फिरतो आणि समुद्राकडून आत येतो. म्हणून किनाऱ्याकडे सकाळी जावं आणि किनाऱ्यापासून आत दुपारी. गिअर नसलेल्या सायकलीला समोरचा वारा चढासारखाच लागतो.

दुसरा दिवस, रविवार: करंजा, खोपटा, कोप्रोली, चिरनेर

उजाडता करंजाला पोचलो. द्रोणागिरीच्या पायथ्याशी कोळीवाडा, धक्क्याला खेटून होड्या, बर्फाच्या लाद्या फोडण्याचा आवाज. बायका मासळीच्या पाट्या मांडून बसल्या होत्या आणि भाव हळू आवाजात, भराभर ठरत होते. मोकळ्या जागेत बांबू रोवून त्यांच्यामध्ये बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील वाळत होते. एका ताईंनी आम्हाला सुके बोंबील बांधून दिले आणि सांगितलं, कॅरिअरला बांधा पण पिशवीत कपड्यांबरोबर ठेवू नका. हा सल्ला मी तसाच पुढे देते.

अमावास्येचं उधाण होतं, खाडी भरत चालली होती. खाडीपलीकडे रेवसला जाणारी तरी, म्हणजे फेरीबोट, इथूनच सुटते. तिच्यात सायकली चढताना पाहून आमच्यातल्या निम्म्यांचं मन तिकडेच ओढलं गेलं.

करंजाहून चाणजे, मुळेखंड करत परत पूर्वेला. वाटेत शिल्लक राहिलेली मिठागरं लागली. उधाणाचं पाणी दारं उघडून पहिल्या तळ्यात घेतात, तिथून ते एकातून दुसऱ्यात सोडत नेतात, प्रत्येक तळ्यात ते आटतं आणि खारटपणा वाढत जातो, शेवटच्या उथळ वाफ्यांत मीठ धरतं. जानेवारीत हंगामाची सुरुवात असते. वाफ्यांवर नुकती पांढरी साय धरली होती. एक मजूर पायांनी वाफ्याचा तळ तुडवत होता, चिखल घट्ट बसावा म्हणून. तळ कच्चा राहिला तर मिठात माती येते, असं त्याने सांगितलं. मुंबईच्या इतक्या जवळ माणसं अजून नुसत्या उन्हावर आणि भरतीवर मीठ पिकवतात, हे आमच्यातल्या दोघा-तिघांना माहीतच नव्हतं.

खोपट्याचा पूल ओलांडला आणि गोंगाट मागे राहिला. इथून पुढचा पूर्व उरण हा या सगळ्या फेरीचा गाभा. बाराच्या सुमाराला वारा फिरून पाठीशी आला. एका बाजूला खाडीचा बांध, बांधात पाणी सोडायच्या उघाडीची लाकडी दारं, दुसऱ्या बाजूला कापणी झालेली खाचरं आणि त्यांत भातानंतरच्या ओलीवर घेतलेला वाल, फुलांनी आणि शेंगांनी लगडलेला. आंब्यांना मोहोर होता. आम्ही कुणी पायडल मारत होतो असं वाटतच नव्हतं. "खं चाललाव सगली?" असं दर थोड्या अंतरावर कुणीतरी विचारायचं आणि आम्ही थांबायचो. एका घरी पाणी, एका घरी तिळाचे लाडू, संक्रांत अजून उतरली नव्हती.

कोप्रोलीच्या अलीकडे काकांच्या अ‍ॅटलसचा डावा पाय लचकायला लागला. जुन्या सायकलींत क्रँक अ‍ॅक्सलला कॉटर पिनेने धरलेला असतो. पीन झिजली की पायडल दर फेरीत कट्‌कट् करतं, आणि तसंच चालवलं तर क्रँकचं भोकच बिघडतं. पुढे नाक्यावर एका टपरीत मोटारसायकलींची दुरुस्ती चालू होती. तिथला मुलगा सायकल बघून म्हणाला, हे मला येत नाही, थांबा, आजोबांना बोलावतो.

आजोबा आले, ऐंशीच्या घरातले, डोक्याला मफलर. आधी उभ्या-उभ्या सगळ्या सायकलींवर नजर टाकली. मग घरातून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आणवला. आत छर्रे, व्हॉल्व्हच्या नळ्या, चेनच्या कड्या, डंबेल पाना आणि कागदात गुंडाळलेल्या कॉटर पिना. जुनी पीन हातोडीने ठोकून काढली, नवी उन्हात धरून बघितली, कानशीने तिचा उतार जरासा घासला, बसवून बघितली, पुन्हा काढली, पुन्हा घासली. नातू बाजूला उकिडवा बसून बघत होता. पीन बसली तेव्हा आजोबांनी पायडल हाताने फिरवलं आणि कान जवळ नेऊन ऐकलं.

काम करता करता ते बोलत होते. पूर्वी याच नाक्यावर त्यांच्याकडे भाड्याच्या सायकली होत्या. पोरं तासावर घेऊन जायची, अर्धा पायडल मारत शिकायची. पूल नव्हता तेव्हा खाडी होडीने ओलांडायची आणि सायकलही होडीत घालायची. अ‍ॅटलस बघून ते म्हणाले, ही आता मिळत नाही ना? काकांनी सांगितलं की अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 ला बंद पडला, जागतिक सायकल दिनाच्याच दिवशी. आजोबा काही वेळ गप्प राहिले आणि मग डब्यातल्या उरलेल्या कॉटर पिना त्यांनी काकांच्या हातात ठेवल्या. पैसे घेतले नाहीत. नातवाला मात्र म्हणाले, बघितलंस ना कसं घासलं ते.

कुठे निघालात, या प्रश्नाला आम्ही चिरनेर म्हटलं तेव्हा त्यांनी एक गोष्ट सांगितली आणि पुढच्या सगळ्या रस्त्याला त्यामुळे अर्थ आला. 25 सप्टेंबर 1930 ला चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला. इंग्रजांच्या जंगल कायद्याने लाकूड, गवत तोडायला बंदी होती. त्याविरुद्ध आसपासच्या गावांतली माणसं अक्कादेवीच्या रानात जमली आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. आठ सत्याग्रही गेले, गर्दीवर गोळीबार होताना तिथले मामलेदारही मारले गेले. आजोबांनी गावं मोजली: चिरनेरचे दोन, आणि मोठी जुई, धाकटी जुई, कोप्रोली, पाणदिवे, खोपटे, दिघोडे इथला एकेक. आमच्या कोप्रोलीचे रघुनाथ न्हावी, असं म्हणताना त्यांनी बोट जमिनीकडे केलं.

आम्ही खोपट्याहून आलो होतो. पुढे पाणदिवे लागणार होतं, मग जुई, कळंबुसरे आणि चिरनेर. त्या दिवशी माणसं ज्या गावांतून पायी निघाली, तीच गावं आमच्या चाकाखालून एकेक करून जात होती. नकाशावर ही ठिकाणं सुटी सुटी दिसतात. चालण्याच्या किंवा सायकलीच्या वेगाने गेलं की कळतं, इथून हाक मारली तर तिथे ऐकू जाते, आणि एवढी माणसं एका सकाळी एका रानात कशी जमली असतील ते डोळ्यांपुढे येतं. मी हा इतिहास वाचला होता. तो मला कळला मात्र त्या दुपारी, पाणदिव्याच्या वळणावर.

जेवण एका घरगुती खानावळीत झालं: भाकरी, कोलंबीचं सुकं, निवट्यांचं कालवण. निवट्या म्हणजे खाडीच्या चिखलावर टुणटुण उड्या मारणारा छोटा मासा. तो मिळाला तर सोडू नका.

चिरनेरला गावाच्या आधी डोंगर दिसतो. महागणपतीचं दर्शन घेऊन हुतात्मा स्मारकाशी गेलो. नावं एकेक करून मोठ्याने वाचली. धाकू फोफेरकर आणि नवश्या कातकरी चिरनेरचे. आगरी, कोळी, न्हावी, कातकरी, सगळे एकाच यादीत. नंतर सत्याग्रहींवर खटला चालला तेव्हा त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. कॉलेजच्या पोराला हे ठाऊक नव्हतं. त्याने वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, हे आपल्याला शाळेत का नाही शिकवलं? त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या आमच्यातल्या शिक्षिका म्हणाल्या, पुढच्या सप्टेंबरात मी वर्ग घेऊन इथे येणार.

मुक्काम वहिनींच्या मामांकडे. मामांनी पोपटीची तयारी आधीच करून ठेवली होती. पोपटी ही रायगडच्या थंडीतली मोठी चैन. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा आणि जाडं मीठ, मध्ये मसाला लावलेली कोंबडी, बटाटे, अंडी, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला गच्च कोंबायचा. पाणी अजिबात नाही. मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, काटक्या, सुका पाला रचून पेटवायचं. अर्ध्या-पाऊण तासाने मामांनी मडक्यावर पाण्याचा थेंब टाकला, तो चर्र करून उडाला, आणि ते म्हणाले, झालं. मडकं उघडताच जो वास सुटतो तो ओवा, धूर आणि भांबुर्डा यांचा मिळून असतो, दुसऱ्या कशालाच तो नाही. शेंगा बोटं भाजत सोलून खाल्ल्या. अमावास्येची रात्र, शेतात दिवा नाही, वर चांदण्या ठसठशीत.

पोपटी खायची तर डिसेंबर ते फेब्रुवारी हाच काळ, शेंगा कोवळ्या असेपर्यंत. या भागात राहण्यासाठी हॉटेलं शोधू नका. गावात ओळख काढा, दोन दिवस आधी कळवा, शिधा आणि कामाचे पैसे न विसरता द्या.

तिसरा दिवस, सोमवार: चिरनेर ते पळस्पे

सकाळी थंडी कडक होती, सीटवर दव होतं. कुंभारवाड्यातून बाहेर पडलो. गणपतीच्या मूर्तींसाठी चिरनेरचं नाव आहे आणि जानेवारीतच एका कारखान्यात मूर्ती ओळीने वाळत ठेवल्या होत्या, बिनरंगाच्या. अक्कादेवीच्या बाजूला सायकली हातात धरून थोडं चाललो. रानात काटेसावरीला पहिली लाल फुलं आली होती. मोळ्या घेऊन उतरणाऱ्या कातकरी बायका भेटल्या. आम्ही वाट दिली, त्यांतल्या एकीने घंटी वाजवून बघितली आणि हसत पुढे गेली.

चिरनेरहून साईकडे जाणाऱ्या रस्त्याला चढउतार आहेत. चढावर खाली उतरून चालायचं, त्यात कमीपणा नाही, आणि चालताना गप्पा जास्त होतात. उताराला मात्र जपून. दांड्याचे ब्रेक रिमला आतून वर खेचून धरतात, त्यांची पकड गिअरच्या सायकलींइतकी नसते आणि रिम दवाने ओली असेल तर आणखी कमी. दोन्ही ब्रेक हलके, थांबून थांबून, आणि दोन सायकलींत भरपूर अंतर. निघण्याआधी ब्रेकचे रबर नवे घालून घ्या. बरोबर कॉटर पिना, हातोडी, डंबेल पाना, कानस, सोल्यूशन, व्हॉल्व्हच्या नळ्या आणि एक 28 इंची ट्यूब असावी. ही ट्यूब रस्त्यातल्या दुकानांत आता सहज मिळत नाही.

साईवरून महामार्गाला लागलो. ताऱ्याला युसुफ मेहेरअली सेंटरमध्ये थांबलो. तिथे घाण्याचं तेल, साबण, खादी असं ग्रामोद्योगाचं काम चालतं. तेलाची बाटली कॅरिअरला बांधली. सोमवार असल्यामुळे पिठलं-भाकरीवर सगळे एकमताने खूश.

कर्नाळ्याची खिंड चालतच चढलो. वर किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका, खाली दोन्ही बाजूंना झाडी. 1968 पासून हे पक्षी अभयारण्य आहे. महामार्ग त्याच्या पोटातून जातो, तरी प्रवेशद्वारातून आत शंभर पावलं गेलं की वाहनांचा आवाज पानांत विरतो. तांबट एकसुरी टुकटुक करत होता, हळद्या दिसला आणि मग भृंगराज, शेपटीच्या दोन लांब तारा मागे सोडत. काका त्याच्याकडे बघत दगडावर बसले ते बराच वेळ उठले नाहीत. आम्हीही घाई केली नाही. दुपारची वेळ पक्ष्यांसाठी चांगली नव्हे, सकाळी सहा-सातला आत शिरता येईल असं बघा, म्हणजे मग शामाचं गाणंही ऐकायला मिळेल.

खिंड उतरून शिरढोण. वासुदेव बळवंत फडके 4 नोव्हेंबर 1845 ला इथे जन्मले आणि 1883 मध्ये एडनच्या तुरुंगात वारले. त्यांच्या घराशी आणि स्मारकाशी गेलो. जासई, चिरनेर, शिरढोण: तिन्ही दिवशी रस्त्यात एकेक स्मारक आलं. हे आम्ही ठरवून केलं नव्हतं. या मुलखात कुठल्याही बाजूने सायकल घातली तर हे होणारच, असं आता वाटतं.

पळस्प्याला टेम्पो उभा होता. पनवेल ते नेरूळ संध्याकाळच्या गर्दीत या सायकलींनी जाण्यात काही सुख नाही, म्हणून हे आधीच ठरवलं होतं. सायकली एकावर एक रचताना मध्ये गोणपाट घाला, नाहीतर दांड्यांचा रंग जातो आणि ब्रेकचे दांडे वाकतात. टेम्पो भरून होईतो मिसळ खाल्ली. खाता खाता वहिनींनी मामांना फोन लावला आणि होळीनंतर भात झोडलेल्या खळ्यावर मुक्कामाचं विचारलं. काकांना मात्र करंजाची तरी सोडवत नाहीये: रेवसला उतरायचं, मांडवा, किहीम करत अलिबाग, तिथला पांढरा कांदा बाजारात येतो त्या सुमाराला. पंचांग त्यांनी टेम्पोतच काढलं आणि भरतीच्या वेळा बघून फेब्रुवारीच्या शेवटाचा एक शनिवार नक्की केला.